डावीकडे ओढणारी सायकल

जेवत असाल तर आधी जेवून घ्या, मग वाचा. टपालवाल्या बाईच्या सायकलीच्या मागच्या चाकात काय काय सापडतं ते मी सांगणार आहे, आणि मला ते गोडगोड करून सांगता येत नाही. पहिल्या रविवारी मी फ्रीव्हीलच्या दातांमधून जे उपसलं ते असं: लांब केसांची एक गुंतवळ, काळं वंगण पिऊन फुगलेली, कोणीतरी चघळून थुंकलेलं च्युइंगम, अर्धी गोम, आणि एक मऊ, पांढरट, ओला गोळा, जो काय होता ते मी वास घेऊन पाहिलं नाही. तुम्हीही विचारू नका. शी! आणि हे सगळं कुठे, तर आमच्या स्वयंपाकघर आणि मोरीच्या मधल्या अडीच हातांच्या बोळात, जिथून दिवसभर ये-जा करायची.

मी चष्म्याच्या काचा घासतो. तीस वर्षं तेच काम. काचेवर धुळीचा एक कण राहिला तर सगळं काम वाया जातं, त्यामुळे दिवसातून वीसदा हात धुतो आणि खांद्यावर कायम स्वच्छ फडकं असतं. घरीसुद्धा. म्हणूनच ताई मला फडक्या म्हणते, अगदी चारचौघांतही. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. नाक पुसण्यापासून नोकरी लावण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. लग्न दोघांचंही राहिलं. तिला वेळ मिळाला नाही, आणि माझ्याबद्दल ती सांगते की, "याला मुलगी दाखवायला न्यावं, तर हा मेला तिची नखं तपासायचा."

ताई एकतीस वर्षं टपाल वाटते. एकतीस वर्षं एकच फेरी: टपाल कचेरीतून निघायचं, बेकरीपासून वर चढायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून गिरणीच्या मागून पुन्हा कचेरीत. दोनशे बारा घरं, सगळी तोंडपाठ. ही फेरी तिच्या हातून जायची वेळ आली होती. दोन महिन्यांपासून तिला उशीर होत होता. आधी अर्धा तास, मग एक, मग दोन. शेवटी शेवटी पिशवीत पत्रं उरायला लागली, ती घेऊन ती पुन्हा फिरायची. "टपाल वाढलंय रे," म्हणायची. वाटपाच्या साहेबांनी, जे वयानं तिच्या मुलासारखे, तिला बोलावून सांगितलं: चार आठवडे देतो. त्यानंतरच्या सोमवारी फेरी दुपारी एकच्या आत संपली तर ठीक, नाहीतर मंगळवारपासून तळघरात, सॉर्टिंगच्या खोलीत.

ते तळघर मी पाहिलंय. खिडकी नाही. ट्यूबलाइट, पोती, आणि स्टुलावर बसलेली माणसं, एकमेकांशीसुद्धा न बोलणारी. ताई त्या दिवशी घरी आली आणि पायातले बूट न काढताच खुर्चीत बसली.

"मला तिथे बसवलं ना, तर मी सहा महिन्यांत मरेन," ती म्हणाली. "माझं काही चुकत नाहीये. सायकल दगा देतेय. तू बघ जरा तिच्याकडे."

आता तुम्ही म्हणाल, सायकल दुकानात न्यावी. नेली होती. आमच्या रस्त्यावरचा सायकलवाला नट ढिला करायला हातोडा मारतो आणि व्हॉल्व्ह गळतोय का ते बघायला बोटानं त्यावर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतो. तेच बोट मग पायजम्याला. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं हे केलं, वर म्हणाला, "बाई, ही सायकल आता मोडीत काढा." मी तिथल्या तिथे सायकल उचलली आणि घरी आणली. ज्याला थुंकीशिवाय काम येत नाही त्याच्या हातात मी माझ्या बहिणीची नोकरी देणार नव्हतो. पाने माझ्याकडे होते, बारीक कामाचा हात होता. म्हटलं, कुठे घोडं पेंड खातंय ते आपणच बघू.

पहिला रविवार ब्रेकचा. तिची तक्रार होती की डावा ब्रेक दाबला तरी दाबला जात नाही. मी सायकल उलटी केली, खाली वर्तमानपत्रं पसरली, हातात दुहेरी मोजे चढवले. वायर ओढून पाहिली, तर सुळकन येत होती. तरी मी ती बदलली, नळीत तेल सोडलं, लिव्हरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. लहान मुलानं करंगळीनं दाबावा इतका तो ब्रेक मऊ झाला. या खटाटोपात मला दिसल्या त्या दोन मुठी. उजवी मूठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली. डावी मात्र खरबडलेली, आणि तिच्या खाचांत भिंतीचा चुना, शेवाळ, कुठल्यातरी फाटकाचा हिरवा रंग आणि कबुतरांची वाळलेली घाण.

"ही मूठ काय भिंतींना घासत नेतेस का तू?"

"मी कशाला घासू? तीच जाते भिंतीकडे."

"सायकलीला पाय फुटलेत का?"

"तेच तर तुला बघायला सांगतेय ना, गाढवा!"

सोमवारी ती अडीचला आली. ब्रेक अजून तसाच, म्हणाली. मी करंगळीनं दाबून दाखवला. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात जेवणाचं सुरू झालं. खरं तर आधीच सुरू झालं असणार, पण मला त्या आठवड्यात असह्य झालं. ताई जेवायला बसली की तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात भाताचं शीत अडकून राहायचं. एक नाही, दोन-तीन. मग चहा प्यायली की त्याच कोपऱ्यातून एक ओघळ हनुवटीपर्यंत यायचा आणि तिथे लोंबकळायचा, आणि बाई खुशाल माझ्याशी साहेबांबद्दल बोलतायत! मी ते थेंब बघत कसा घास गिळू? मी तिच्याकडे फडकं फेकायचो.

"तोंड पूस."

ती पुसायची. उजवीकडून पुसायची, स्वच्छ असलेलं. शीत तिथेच.

"दुसरीकडे!"

"पुसलं की रे. किती छळतोस."

वर ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवायची. उजवीकडचं चाटूनपुसून साफ, डावीकडे भात आणि भाजीचा ढीग, त्यावर साय धरायला लागलेली. आणि म्हणायची, "अजून थोडा भात वाढ, पोट नाही भरलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिचं ताट धरून गर्रकन फिरवलं, "हे काय आहे मग? हे कोण संपवणार?" तर तिनं ताटाकडे पाहिलं, "अगंबाई," म्हणाली, आणि ते खाऊन टाकलं. मला वाटलं, थट्टा करतेय. दुसऱ्या दिवसापासून मी माझं ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवायला लागलो. तिनं एकदाच विचारलं, "फडक्या, तिकडे का रे बसतोस?" मी सांगितलं, "किळस येते मला." तोंडावर सांगितलं. असा मी शहाणा.

दुसरा रविवार पायडलचा. डावा पाय पायडलवरून घसरतो, अशी तक्रार. पायडल काढणं म्हणजे एक वेगळंच झंझट. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. उजवीकडचं ज्या बाजूला फिरवून सुटतं, त्या बाजूला डावं फिरवलं तर आणखी घट्ट बसतं. हे माहीत नसलेले लोक पान्यावर उभे राहून नाचतात. मला माहीत होतं, म्हणून दहा मिनिटांत सुटलं. उजव्या पायडलचं रबर झिजून पातळ झालेलं. डाव्याचं मात्र जवळजवळ कोरं, त्याच्यावरचे ठसे अजून टोकदार. मी काय निष्कर्ष काढला? की डावं रबर टणक निघालं, बनावटीचं, म्हणून झिजत नाही आणि म्हणून पाय घसरतो. इतका खूश झालो मी स्वतःवर. दोन्ही पायडलं नवी बसवली, खडबडीत रबराची. बेअरिंगमधले छर्रे काढून रॉकेलमध्ये धुतले. त्या रॉकेलचा जो काळा चिखल झाला तो मोरीत ओतला, तर तो वर तरंगून मोरीच्या कडेला बसला आणि तीन दिवस घासूनही जाईना.

मी मोरी घासत असताना ताई मागून आली. डाव्या बुटाची नाडी सुटून फरशीवर त्या काळ्या पाण्यातून फरफटत येत होती.

"नाडी बांध!" मी ओरडलो. "घसरणार नाही तर काय होणार पाय? शेंबडं पोर आहेस का तू?"

तिनं खाली पाहिलं. उजव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो, हातात ब्रश. मनात म्हटलं, ही बाई मुद्दाम माझा अंत पाहतेय.

तिसऱ्या आठवड्यात तिची नवी तक्रार आली, आणि या वेळी ती जरा घाबरलेली वाटली. सायकल डावीकडे ओढते. सरळ धरली तरी जाते. कुंपणावर, फाटकांवर, उभ्या गाड्यांवर. मला बरं वाटलं, कारण हा खराखुरा बिघाड होता. चाकाला आऊट आला, म्हणजे ते वाकडं फिरायला लागलं, की सायकल ओढते. रविवारी सकाळी सातला बसलो. दोन्ही चाकं काढली, रिमच्या शेजारी खडू धरून फिरवली; जिथे खडू लागतो तिथली तार सैल, समोरची घट्ट, पाव पाव फेरा. पुढच्या चाकाला केसभर आऊट होता, तोही मी काढला. हँडलचा दांडा ओळंब्यानं तपासला. सहा वाजता दोन्ही चाकं अशी फिरत होती की फिरतायत हे कळू नये. कंबर मोडली होती, नखांत काळं गेलं होतं ते लिंबानंही निघेना. पण सायकल सुतासारखी सरळ झाली होती. यावर कोणी बोट ठेवून दाखवावं.

सोमवारी ताई चारला आली. दार उघडलं तर आधी वास आला. गटाराचा. डाव्या खांद्यापासून बुटापर्यंत ती त्या हिरव्या-काळ्या चिखलानं माखलेली. डावं कोपर सोललेलं, त्यातून रक्त येऊन चिखलात मिसळलेलं, आणि तिचं तिकडे लक्षही नाही. छातीशी पिशवी घट्ट धरलेली. पिशवीतून गटाराचं पाणी टपटपत होतं. मी नाकाला फडकं लावलं.

"पत्रं वाळवू दे आधी," ती म्हणाली. "तेवीस आहेत."

मग आम्ही घरभर दोऱ्या बांधल्या आणि लोकांची पत्रं वाळत घातली. विमा कंपन्यांची, दवाखान्यांची, एक लग्नाचं आमंत्रण, सगळ्यांना तो वास. मी एकेक पत्र चिमटीत धरून नळाखाली हळूच धूत होतो. कोपराला मलम तिनं लावूनच घेतलं नाही, "काही झालं नाही" म्हणाली. शेवटच्या पत्राला मी फुटलो.

"कशी पडलीस?"

"सायकलीनं ढकललं. डावीकडे ओढलं, सांगितलं होतं ना तुला."

"ती सायकल सुतासारखी सरळ आहे! मी अकरा तास घालवलेत तिच्यावर!"

"नाहीये सरळ."

"नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!" मी म्हणालो. आणि एकदा तोंड सुटल्यावर थांबतंय कशाला? "ब्रेक वाईट, पायडल वाईट, चाक वाईट. सगळं वाईट, एक तू तेवढी चांगली. कंटाळलीयेस तू कामाला, ते सांग ना सरळ. म्हातारी झालीस, गबाळी झालीस, तोंडाला शितं लावून गावभर फिरतेस, आणि नाव सायकलीचं."

ताई गप्प बसणारी नाही. एक दिलं तर दोन परत करणारी. पण त्या दिवशी ती दोरीवरच्या पत्रांकडे बघत उभी राहिली आणि मग आत गेली. गुरुवारपर्यंत आमच्यात बोलणं नव्हतं.

चौथ्या रविवारी मी ठरवलं की सोक्षमोक्ष लावायचा. दुसऱ्या दिवशी तिची सोमवारची फेरी, साहेबांच्या घड्याळावर. मी तिच्या पिशवीत जुनी वर्तमानपत्रं भरली, टपालाइतकी जड होईपर्यंत. सीटवर आधी साबणाचं पाणी फिरवलं, मग प्लास्टिकची पिशवी चढवली, कारण एकतीस वर्षं घामानं मुरलेल्या त्या सीटवर मी असाच बसणं शक्य नव्हतं. आणि नऊ वाजता निघालो, तिची पूर्ण फेरी करायला. लबाडी नाही. प्रत्येक पेटीपाशी थांबलो, दोन्ही बाजूंच्या, प्रत्येक झाकण उघडून बंद केलं, दोनशे बारा वेळा. लोक खिडकीतून बघत होते. एका बाईनं विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "ठणठणीत आहेत." "नाही, आमच्याकडे हल्ली टपालच येत नाही म्हणून विचारलं." मी तिला सांगितलं की उद्यापासून येईल, आणि पुढे गेलो.

सायकल लोण्यासारखी चालली. हात सोडले तरी सरळ. डावा ब्रेक, उजवा ब्रेक, दोन्ही पायडलं, कुठे कुरकुर नाही. टपाल कचेरीच्या दारात घड्याळात बारा चाळीस. मी, पन्नाशीला टेकलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, वीस मिनिटं राखून आलो होतो! मला इतका आनंद झाला की काय सांगू. आनंद कसला, दुष्ट आनंद. घरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो, तिला कसं सांगायचं, कुठे थांबायचं, शेवटी काय म्हणायचं.

दार ढकलून मी ओरडलो, "बारा चाळीस! काहीही ओढत नाही तुझी सायकल!"

ताई बोळात उभी होती. गणवेशात. "मला माहीत होतं तू सायकल नेलीस," ती म्हणाली. "आण इकडे. मी स्वतः चालवून दाखवते तुला, कशी ओढते ते."

तिनं केस विंचरले होते, पण उजव्या बाजूचेच. डावीकडचे रात्रीच्या उशीवरचे, पिंजारलेले, तसेच. गणवेशाच्या कोटात उजवा हात घातलेला. डावी बाही मागे रिकामी लोंबत होती आणि तिचा डावा हात कोटाच्या आत कुठेतरी. उजव्या पायात बूट, चकचकीत पुसलेला. डावा पाय अनवाणी. आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यात सकाळच्या पावाचा ओला लगदा.

मला आधी नेहमीसारखी शिसारी आली. खोटं कशाला बोलू. माझा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेलासुद्धा.

"बाही घाल दुसरी," मी म्हणालो.

"घातलीय की."

"ताई, डावी बाही."

"घातलीय रे बाबा!" ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. लबाडी नव्हती. ती कधीच लबाडी करत नव्हती.

डावा ब्रेक. डावं पायडल. डावी मूठ, डावी नाडी, डावं कोपर. ताटाची डावी बाजू. चार रविवार मी सायकल उलटी करून तिच्यात बिघाड शोधत होतो, आणि बिघाड माझ्या समोर बसून जेवत होता. मला दिसत होता तो. रोज दिसत होता, अगदी शितासकट. मी त्याच्याकडे पाठ करून आतल्या खोलीत जेवत होतो. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून आयुष्यभर काचा घासणारा माणूस मी. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि ती काही धुऊन जाण्यातली नव्हती.

मी तिच्याजवळ गेलो, तिचा डावा हात कोटातून शोधून काढला आणि बाहीत घातला. हात गार होता आणि जड. मग तिचं तोंड पुसलं, बोटांनी.

"चल," म्हटलं, "दवाखान्यात जायचंय."

"मला कशाला? काय झालंय मला?"

"मला बरं वाटत नाहीये," मी म्हणालो. त्यावर मात्र ती लगेच निघाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांनी घाई केली नाही. ताईला दोन्ही हात समोर धरायला सांगितले, डोळे मिटून. उजवा राहिला. डावा हळूहळू खाली गेला, आणि ताई डोळे मिटूनच म्हणाली, "धरलेत ना दोन्ही, बघा." कागदावर फूल काढायला दिलं. तिनं काढलं, देठ, आणि उजवीकडच्या पाकळ्या. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की डोळ्यांत दोष नाही. मेंदूच्या उजव्या भागात काहीतरी आहे, त्यामुळे डाव्या बाजूची दखलच घेतली जात नाही. डोक्याचा फोटो काढायचा, दाखल करून घ्यायचं, आत्ताच.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन महिने तरी. जास्तच असेल."

"आणि घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हणालो. "मी तिला तोंड पूस म्हणत होतो."

त्या कागदावर लिहीत राहिल्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईला खाटेवर झोपवलं. मी तिच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसलो. तिनं पहिला प्रश्न विचारला तो सोमवारचा.

"उद्या सकाळपर्यंत सोडतील ना हे लोक?"

"नाही, ताई."

"मग फेरी?"

"उद्या नाही फेरी. परवाही नाही."

ती भांडली. साहेबांच्या नावानं, डॉक्टरांच्या नावानं, माझ्या नावानं. मी धाकटा, मी कोण तिला नाही म्हणणारा? तिला तळघरात पाठवायला मी साहेबांना फितूर झालो की काय? मी सगळं ऐकलं. ती दमली. मग एकदम, नेहमीच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "मग निदान दुसऱ्या कोणाच्या हातात नीट जाऊ दे. असंच कोणी आलं ना, तर घोळ घालून ठेवतील. कागद घे. घरं सांगते, लिहून घे, आणि सकाळी साहेबांना नेऊन दे."

मी दवाखान्याचाच एक फॉर्म पालथा केला.

"बेकरीपासून वर," ती म्हणाली. "पहिलं शिंपीणबाईंचं. पेटी नाही, खिडकीच्या गजातून आत टाकायचं. मग जाळीच्या फाटकाचं. कुत्रा भुंकतो, चावत नाही. मग दोन मजल्यांचं. तिथे म्हातारा काठी टेकत येतो, त्याला पत्र नसलं तरी थांबायचं, 'आज नाही' एवढं सांगायचं. मग बंद घर. तिथलं शेजारी द्यायचं, मास्तरांकडे."

एकही अडखळणं नाही. कोणाची पेटी गंजलेली, कोणाच्या पायऱ्या निसरड्या, कोणाला सही करायला चष्मा शोधावा लागतो, सगळं. मी भराभर लिहीत होतो. टाकीपर्यंतची घरं झाली आणि मी कागदाकडे पाहिलं. सकाळीच मी त्या रस्त्यानं गेलो होतो, एकेक झाकण उघडत. टाकीपर्यंत चव्वेचाळीस घरं. कागदावर बावीस होती.

"ताई," मी म्हणालो, "दातांचा दवाखाना राहिला. पितळेची पेटी आहे तो."

"तो कुठे आलाय मध्येच?"

"शिंपीणबाईंच्या समोर. आणि त्याच्या वर ते जुळ्या पोरींचं घर, मग छापखाना. वर चढताना डाव्या हाताला."

मी लहान असताना पाढे चुकलो की ती जसं बघायची, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. वैतागून, पण मायेनं.

"फडक्या," ती म्हणाली, "अरे, एकतीस वर्षं मी त्या रस्त्यानं जातेय. त्या बाजूला घरं कुठायत?"

मी बरं म्हणालो आणि टाकीनंतरचं पहिलं घर कोणतं ते विचारलं.